जमाबंदी आणि जमावबंदी

आमच्या गावात लातूरची बातमी आधी येते, बीदरची नंतर येते, आणि आमच्या स्वतःच्या ग्रामपंचायतीची बातमी बहुधा येतच नाही. हे विधान कुणाला अतिशयोक्तीचे वाटेल. त्यांनी औराद तालुक्यात सीमेलगतच्या एखाद्या मराठी भाषिक गावी एक दिवस मुक्काम करावा. सकाळी उदगीरकडून येणाऱ्या गाडीबरोबर मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो आणि हॉटेलात चहाबरोबर त्याचे जाहीर वाचन होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, तेव्हा पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले हे आमच्या गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ज्या मांजरेने दगा दिल्यामुळे लातूरवर ती वेळ आली, ती मांजरा पुढे आमच्याच जिल्ह्यातून वाहते. परंतु त्याच उन्हाळ्यात आमच्या गावाला किती टँकर मंजूर झाले, त्यांपैकी किती आले आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले, असे त्या हॉटेलात विचारले असते तर सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले असते. तशी बातमी बीदरच्या कन्नड पत्रांत छापून आली असेलही. पण ती पत्रे गावात मास्तरांच्या आणि दुकानदाराच्या घरी येतात, आणि तेथेच राहतात.

असे का झाले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. निजामाच्या राज्यात बीदर जिल्हा एक होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, तरी जिल्हा तसाच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली आणि त्याचे तीन वाटे पडले. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा आमचा वाटा म्हैसूर राज्यात आला. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. माझी आजी उदगीरकडची, आत्या निलंग्याला दिलेली, आणि थोरल्या काकूचे माहेर जहिराबादेजवळ. सीमाप्रश्नावर मी या लेखात लिहिणार नाही. तो १९६७ च्या महाजन अहवालापासून २००४ च्या सर्वोच्च न्यायालयातील दाव्यापर्यंत पुष्कळ मोठमोठ्या माणसांनी हाताळलेला आहे. मला सांगायचे आहे ते त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. गाव कोणत्या राज्यात असावे यावर आमच्या पारावर तासन्‌तास वाद होतो. गावची मोटार दुरुस्त करायला किती पैसे लागले, याची चर्चा पाच मिनिटेही होत नाही. पहिल्या प्रश्नाची बातमी दोन्ही बाजूंनी येते, दुसऱ्याची कुठूनच येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

कन्नड आम्हाला येत नाही असे नव्हे. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये आमच्या गावची माणसे ऐटीत कन्नड बोलतात. माझी आजी एका वाक्यात तीन भाषा बोलते आणि तिला ते कळतही नाही. पण बोलणे वेगळे आणि वाचणे वेगळे. ज्यांची शाळा मराठीत झाली, किंवा झालीच नाही, त्यांच्या दृष्टीने पंचायतीच्या फळ्यावरील कन्नड अक्षरे म्हणजे गोल गोल जिलब्या. मी मराठी माध्यमात शिकले, परंतु शाळेत कन्नड हा विषय होता आणि आमचे कन्नडचे सर कडक होते. पोराटोरांना ते आवडत नसत. आज मी त्यांचे उपकार मानते.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत एका सकाळी पंचायतीचा वॉटरमन रिक्षात भोंगा लावून गावभर फिरला. मी सुट्टीला घरी आले होते. भोंग्यातून अर्धे शब्द वाऱ्यावर जात होते आणि अर्धे कानावर येत होते. इतक्यात काका लगबगीने घरात आले आणि दार लोटून म्हणाले, "आज कुणी पंचायतीकडं फिरकू नका. जमावबंदी हाय म्हणलालेत!"

काकांचा दोष नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत याच भोंग्यावरून १४४ कलम पुकारले गेले होते आणि त्या वेळी चौकात उभ्या राहिलेल्या दोघाचौघांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. आता भोंगा म्हणत होता, "जमाबंदी", आणि त्यापाठोपाठ "सार्वजनिकरु". काकांनी दोन्हींची सांगड घातली, जमावबंदी आणि सार्वजनिक. म्हणजे सार्वजनिक ठिकाणी जमू नये! त्यापुढचा शब्द होता "हाजरागबेकु", अर्थात हजर राहावे. तो वाऱ्यावर गेला. लोकांनी यावे म्हणून दिलेली हाक आमच्या गल्लीत, लोकांनी येऊ नये अशी पोहोचली. मी काकांना म्हटले, "काका, जमावबंदी नाही, जमाबंदी. हिशोबाची सभा आहे." ते म्हणाले, "मग त्येला आपण कशाला? हिशोब त्येंचा."

हे वाक्य मला जमावबंदीपेक्षा अधिक बोचले.

जमाबंदी हा शब्द जुना आहे. पूर्वीच्या काळी वर्षातून एकदा वरचा अंमलदार गावी येऊन महसुलाचा हिशोब तपासत असे. रयतेकडे येणे किती, वसूल किती, बाकी किती, हे पाहण्याची ती रीत होती. म्हणजे सरकार गावाचा हिशोब घेत असे. कर्नाटकातील पंचायतींनी हाच शब्द उचलला, पण हिशोबाची दिशा बदलली. आता वर्षातून एकदा, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, तालुक्याकडून नेमलेला अधिकारी येतो आणि मागील आर्थिक वर्षाचे जमाखर्च लोकांसमोर वाचले जातात. झालेली कामे जागेवर जाऊन पाहायची असतात. पूर्वी रयत हिशोब देत होती, आता रयतेला हिशोब द्यायचा आहे. एवढी मोठी उलथापालथ एका शब्दाच्या पोटात झाली, आणि आम्ही तो शब्दच चुकीचा ऐकला.

या राज्यात पंचायतींना खरे अधिकार देण्याची सुरुवात १९८३ च्या कायद्याने झाली. त्यामागे त्या वेळचे ग्रामविकासमंत्री अब्दुल नझीर साब होते. खेडोपाडी बोअर पाडून त्यांनी पाणी दिले म्हणून लोक त्यांना नीरसाब म्हणत. १९८७ साली त्या कायद्याखाली निवडणुका झाल्या आणि चौथा हिस्सा जागा स्त्रियांना राखून ठेवण्यात आल्या. देशाच्या घटनेत ही गोष्ट येण्यास १९९२ ची ७३ वी दुरुस्ती व्हावी लागली. त्यानंतर १९९३ चा कायदा आला आणि आज निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आमच्या पंचायतीच्या अध्यक्षही एक बाईच आहेत. सभेत त्या मधल्या खुर्चीवर बसतात आणि बोलतात मात्र त्यांच्या शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मी आजीला घेऊन सभेस गेले. वाटेत हाका मारल्या तेव्हा गल्लीतील आणखी सातआठ बायका आल्या. काही खरोखर हिशोबासाठी आल्या, काही मी काय करते ते पाहायला. मंडपाखाली पुरुष मंडळी खुर्च्यांवर होती, आम्ही सतरंजीवर बसलो. पंचायतीच्या कारकुनाने वाचन सुरू केले. ते कन्नड होते खरे, पण आगगाडीच्या वेगाचे. माझ्या पलीकडे बसलेल्या एक बाई घरी कन्नडच बोलतात. मी त्यांना विचारले, "मावशी, तुम्हाला कळतंय ना?" त्या हळूच म्हणाल्या, "कुठलं गं? हे बेंगळूरचं कन्नड."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी ज्याला मराठी माणसाची अडचण समजत होते ती निम्मीच मराठी माणसाची आहे. कागदावरची कन्नड आणि बीदरच्या चुलीपाशी बोलली जाणारी कन्नड या दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी एकमेकींच्या घरी फारशा जात नाहीत. बसवकल्याणच्या अनुभव मंटपाचा उल्लेख आमच्या भागातील प्रत्येक भाषणात होतो. परंतु बाराव्या शतकातील त्या शरणांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत वचने सांगितली, हा उल्लेख भाषण करणारे जरा घाईघाईने उरकतात.

मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दुसरे काय करणार? आणि लिहिता लिहिता एक गंमत दिसू लागली. सभेतील भाषण मला कष्टाने उलगडावे लागत होते, पण हिशोबाचे शब्द उलगडावे लागतच नव्हते. जमा म्हणजे जमा. खर्चु म्हणजे खर्च. बाकी म्हणजे बाकी, रशीदी म्हणजे रसीद, खाते म्हणजे खाते, अनुदान म्हणजे अनुदान. अर्जी म्हणजे अर्ज, ठरावु म्हणजे ठराव, दुरस्ती म्हणजे दुरुस्ती. बहामनी आणि निजामी दप्तरांत शतकानुशतके राबलेल्या कारकुनांनी मराठी आणि कन्नड या दोघींच्या पदरी एकच शब्दसंग्रह बांधून ठेवला आहे. फक्त तेरिगे म्हणजे कर, चरंडी म्हणजे नाली, बीदी दीप म्हणजे रस्त्यावरचा दिवा आणि कोळवे बावी म्हणजे बोअर, असे दहाबारा शब्द आजीला सांगितले की बाकीचे तिचे तिला कळत होते. गावचा राजकीय वाद दोन भाषांत होतो, पण गावचा पैसा एकाच भाषेत बोलतो, असे म्हणायला हरकत नाही.

कारकुनाचे वाचन वीस मिनिटांत संपले. अधिकारी साहेब घड्याळ पाहू लागले. तेव्हा मी उठून विचारले, की हेच मराठीत वाचले तर चालेल काय. कुणी हो म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. मी वाचायला सुरुवात केली. कर वसुली, पगार, दिवाबत्ती, नाल्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाची ओळ आली, तेव्हा २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, हेही सांगितले. "म्हणजे पाण्याचं पैसं दुसरीकडं लावता येत नव्हतं?" असे एका म्हाताऱ्याने विचारले. एवढा नेमका प्रश्न आमच्या वर्गातही कुणी विचारत नाही.

मग खर्चात एक ओळ आली. आमच्याच गल्लीच्या नावाने कोळवे बावी दुरस्ती, काही हजार रुपये. मी ती वाचली मात्र, सतरंजीवर एकदम कुजबुज झाली. आमच्या गल्लीत हातपंपाची एकच बोअर आहे आणि तिचा दांडा दीड वर्षापूर्वी मोडला, तेव्हापासून बायका पलीकडच्या शेतातून पाणी आणतात. नळ आहेत. नळाला पाणी कधी येते हा प्रश्न मी येथे काढत नाही. आजी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "साहेब, तिला दांडाच नाही. मग दुरुस्ती कशाची केलात?"

पुरुष मंडळींत हशा झाला. पण तो हशा ओसरल्यावर प्रश्न तसाच उभा होता. आमच्या लेखापरीक्षणाच्या मॅडम नेहमी सांगतात, की नोंदीवरून व्हाउचरकडे जा आणि व्हाउचरवरून वस्तूकडे जा. पुस्तकात हे वाचताना मला कंटाळा येत असे. त्या दिवशी वस्तू तीनशे पावलांवर होती. अधिकारी साहेब उठले, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण म्हटले पाहिजे, आणि आमच्यासह चालत गल्लीत आले. दांडा नसलेला पंप त्यांनी पाहिला, हात लावून पाहिला. व्हाउचर काढवले. तेव्हा असे निघाले, की दुरुस्ती झाली होती, सामान आणले होते, मिस्त्रीला पैसे दिले होते. पण ती वस्तीवरच्या बोअरची, आणि नोंद करताना नाव आमच्या गल्लीचे पडले होते. पैसे कुणी खाल्ले नव्हते. जी मंडळी "आता सापडले" म्हणून पुढे सरसावली होती ती थोडी हिरमुसली. मला स्वतःला समाधान वाटले. चोरी सापडणे ही करमणूक आहे, पण कागदावर आमचा पंप चालू आहे हे आम्हाला कळणे अधिक गरजेचे होते. कारण कागदावर जो चालू आहे, त्याच्या दुरुस्तीला पुन्हा पैसे कोण देईल? ती एक चूक आणखी दोन वर्षे तशीच राहिली असती, तर बायकांनी आणखी दोन वर्षे शेतातून पाणी आणले असते, आणि पंचायतीच्या दप्तराप्रमाणे त्यांची काहीच तक्रार नसती.

नोंद दुरुस्त करण्याचे आणि आमचा पंप नव्या कामांत घेण्याचे त्याच सभेत ठरले. आजीने विचारले, "ठराव लिहिलात का?" लिहिला होता. तिने तो मला वाचायला लावला, आणि मगच ती उठली. दांडा दिवाळीनंतर बसला.

यानंतर मी एक अर्ज केला. आमच्या महाविद्यालयात ३७१ जे हे कलम प्रत्येकाला तोंडपाठ आहे, कारण प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी त्याचा दाखला लागतो. ३५० वे कलम कुणाला विचारले तर सांगता येत नाही. मलाही ते ग्रंथालयात घटनेची प्रत चाळताना सापडले. गाऱ्हाणे मांडण्यासाठी कोणत्याही माणसाला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते, असे ते सांगते. शिवाय १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या तरतुदी ठरत आल्या, त्यांत जेथे एखादी भाषा बोलणारे लोक पंधरा टक्के वा त्याहून अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असे म्हटले आहे. मी लिहिले, की सभेची नोटीस कन्नडमध्येच असावी, फक्त तिच्याखाली मराठीत चार ओळी असाव्यात. लिहून देण्याचे काम आम्ही विद्यार्थी फुकट करू. अर्ज मराठीत केला. तो मराठीत स्वीकारला गेला आणि त्याची पोच कन्नडमध्ये मिळाली. दोन्ही बाजूंचा मान राहिला!

याला कुणी मराठीचा कैवार म्हणू नये. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे आजोळ अक्कलकोट तालुक्यात आहे. ती या अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिच्या आजोळी घरोघरी कन्नड बोलतात आणि ग्रामपंचायतीच्या नोटिसा मराठीत लागतात. माझी हकीकत ऐकून ती म्हणाली, "आमच्या अज्जीला हेच होतं, फक्त उलटं." तिची अज्जी ग्रामसभेला जाते, पहिल्या रांगेत बसते, चहा घेते आणि परत येते. सभेत काय झाले असे विचारले तर "चहा चांगला होता" म्हणते. आम्ही दोघींनी मिळून हिशोबाच्या शब्दांची एक यादी करायला घेतली आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, दोन्ही लिपींत. आतापर्यंत साठेक शब्द झाले आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शब्दांपुढे आम्हाला केवळ "तोच" असे लिहावे लागले आहे. प्राध्यापक मंडळींपैकी कुणाला जुन्या दप्तरातील शब्द माहीत असतील तर अवश्य सांगावेत.

माझ्या अर्जावर अद्याप काही लेखी उत्तर नाही. परंतु मागच्या खेपेस फळ्यावरच्या नोटिशीखाली खडूने मराठीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. अक्षर वॉटरमनचे होते. त्यात "सभा" बरोबर होते, "हजर" बरोबर होते, आणि वार मात्र बुधवार होता. बुधवारी आमचा आठवडी बाजार असतो आणि त्या दिवशी गल्लीतील एकही बाई गावात नसते. आजीने ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग कपाटातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "लिही. वार बदला म्हणावं."